चार्टर शाळेचं ‘गोल शीट’: पूर्ण शालेय वर्ष वापरल्यानंतर

मॅप (शाळेत संगणकावर होणारी प्रगतीची चाचणी) काय, रिट स्कोअर (तिचे गुण) काय, हे न्यू जर्सीतल्या देशी पालकांना आता तोंडपाठ आहे, तेव्हा ते पुराण लावत नाही. लिहायला बसले ती शाळेच्या जूनमधल्या मेलमुळे. लेकीच्या चौथीच्या गणितापुढे लाल चौकट: ‘गोल नॉट मेट’. ध्येय २१९ होतं, तिला मिळाले २१८.

एका गुणाने!

शाळा चांगली आहे, हे आधीच सांगते. लॉटरीत नंबर लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. फी शून्य, शिक्षक मनापासून शिकवणारे. शाळेची अडचणही कळते. इथे चार्टर, म्हणजे अशी शाळा चालवायचा परवाना, पहिल्यांदा चार वर्षांसाठी मिळतं, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि ते राज्याच्या शिक्षण आयुक्तांच्या हातात. आकडे दाखवता आले नाहीत तर टाळं लागू शकतं. राज्याची एनजेएसएलए ही परीक्षा वसंतात एकदाच होते, म्हणून मधल्या काळात मॅपवर भिस्त. सप्टेंबरात प्रत्येक मुलाच्या हातात ‘गोल शीट’वर छापलेलं एक ध्येय, आणि वर्षअखेर ‘इतक्या टक्के मुलांनी गाठलं’ असा शाळेचा हिशोब.

सप्टेंबरात लेकीचे २०८ होते. २०२० च्या नॉर्म्सप्रमाणे, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या आकड्यांप्रमाणे, चौथीच्या सुरुवातीची देशाची सरासरी साधारण २००, म्हणजे पोरगी बरी होती. हिवाळ्याच्या चाचणीत २०६ आले आणि धावपळ सुरू झाली. चित्रकलेच्या तासाला तिला गणिताच्या जादा वर्गात बसवलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सराव करून घेणाऱ्या साइट्सच्या लिंका आल्या, महिन्याला अमुक डॉलर. मी दमडी दिली नाही. ही चाचणी उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड देते, चुकलं की सोपा, त्यामुळे हुशार असो की कच्चं, साधारण निम्मे प्रश्न प्रत्येकाचे चुकतातच. हे मुलांना कोणी सांगत नाही. लेक घरी येऊन म्हणाली, “आई, मला अर्धं येतच नव्हतं.” येणारच नव्हतं, बाळा, ती रचनाच तशी आहे.

आता माझा खरा मुद्दा, आणि तो मी लांबवणार आहे. या स्कोअरला साधारण ३ रिटची प्रमाणत्रुटी असते. २०८ म्हणजे २०५ ते २११ मधलं काहीतरी. अहवालात ही रेंज छापलेली असते, पण शाळेच्या गोल शीटवर ती गायब! भोसरीला गेज तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तीन मायक्रॉन इकडेतिकडे होणाऱ्या गेजवर एका मायक्रॉनसाठी पार्ट रिजेक्ट केला असता तर साहेबांनी मलाच रिजेक्ट केलं असतं. शिवाय वाढ म्हणजे दोन मापांतला फरक, तेव्हा दोन्हींची त्रुटी त्यात येते: तीनचा वर्ग नऊ, नऊ अधिक नऊ, त्याचं वर्गमूळ, चारच्या वर. तिची वाढ १०, अपेक्षित ११. या एकावरून लाल रंग? नवरा म्हणतो, “अगं, सोड ना आता.” कशी सोडू?

आणि ते ११ तरी कुठून आले? त्याच इयत्तेत, त्याच स्कोअरवर सुरुवात केलेल्या देशभरातल्या मुलांची ती सरासरी वाढ. सरासरीच ती, साधारण निम्मी मुलं तिच्या खाली राहणारच. तिला ‘ध्येय’ म्हणून छापलं की निम्मी पोरं नापास वाटू लागतात.

फेब्रुवारीपर्यंत मी ही चाचणीच भंगारात काढली होती. मग वर्गशिक्षिकेला भेटले आणि गोल शीट बाजूला ठेवून पूर्ण स्टुडंट प्रोफाइल दाखवा म्हटलं. त्यांनी आनंदाने उघडलं. हिवाळ्याची चाचणी सप्टेंबरच्या निम्म्या वेळात संपली होती, आणि न वाचता भराभर टिचक्या मारलेल्या उत्तरांची टक्केवारी शेजारीच दिली होती. नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, मुलं कुठे जाग्यावर असणार! त्याखाली विषयवार फोड होती. भूमिती आणि मापन उत्तम, ‘नंबर अँड ऑपरेशन्स’ मागे. शिक्षिकेने वही काढली आणि दोन मिनिटांत सापडलं: छेद वेगळे असले की पोरगी छेदांचीही बेरीज करते. घरी पोळीचे तुकडे करून आठवडाभर तेवढंच घेतलं. हे निदान फुकटात मिळालं, त्यामुळे चाचणीबद्दलचा माझा राग बराचसा उतरला. जादा वर्गात तर अपूर्णांक नव्हतेच, पाढे घोटून घेत होते. शिक्षिकेनेच शब्द टाकून चित्रकलेचा तास परत मिळवून दिला.

माझ्या मते: चाचणीला पाचपैकी चार तारे, गोल शीटला दीड, तोही छपाई सुबक आहे म्हणून. नवीन पालकांनो, शीटवर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा: स्कोअरची रेंज, चाचणीला लागलेला वेळ, विषयवार फोड. शाळेकडे हे सगळं असतं, मागितल्याशिवाय देत नाहीत इतकंच. लाल चौकटीबद्दल मी मुख्याध्यापकांना वर्गमुळासकट मेल केली. “आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे” असं उत्तर आलंय. पाचवीचं शीट सप्टेंबरात येईल, तेव्हा इथेच अपडेट टाकते.