भिशीच्या हिशेबाचं छोटं अ‍ॅप: गणपतीपासून वापरतेय, माहितीचं काय होतं ते बघून लिहितेय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या भिशीचा हिशेब गेल्या गणपतीपासून एका छोट्या अ‍ॅपच्या वेबसाइटवर ठेवतेय. हप्ते, थकबाकी, चिठ्ठी कुणाची निघाली, सगळं नीट दिसतं. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते माहितीबद्दल. भिशीत कुणी घरी न सांगता हप्ता भरते, कुणाच्या रकमेवर दिराचा आधीच डोळा असतो. आमची वही उगाच नाही कपाटात कुलपात असायची!

खातं उघडताना फक्त मोबाइल नंबर मागितला. कॉन्टॅक्ट, लोकेशन, जन्मतारीख काही नाही. नावं आपल्याला हवी तशी टाकता येतात. मी 'रावपुऱ्याच्या काकू', 'मांजलपूरच्या वहिनी' अशीच टाकलीत, काही अडत नाही. कुकीच्या पट्टीवर 'फक्त गरजेच्या' आणि 'सगळ्या' ही दोन्ही बटणं सारख्याच आकाराची आहेत. मोठमोठ्या साइटींना हे जमत नाही.

प्रायव्हसीच्या पानावर मात्र लिहिलं होतं की साइटवर येणाऱ्यांची कुठलीच माहिती बाहेर जात नाही. इथे पाणी मुरत होतं. भाच्याने लॅपटॉपवर एफ-१२ दाबून नेटवर्कची यादी, म्हणजे पान कुठून काय मागवतं ते, उघडली. पान उघडताक्षणी अक्षरांचे फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येताना दिसले. म्हणजे लॉगिन करायच्या आधीच आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा नंबर, तिकडे पोचलेला. तसं बघितलं तर बारीकशी गोष्ट. पण जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी एका वेबसाइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवले की प्रश्न मिटतो.

तसं ईमेलने कळवलं. उत्तर लवकर आलं, तेही माणसाने लिहिलेलं. काही आठवड्यांनी पाहिलं, तर पानावरचं वाक्य बदललेलं. फॉन्ट आहेत तिथूनच येतायत. खोटं तेवढं गेलं, काम तसंच राहिलं.

नाव काढून टाकायची सोय मात्र खरंच चांगली. एक मावशी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, म्हणाल्या, "माझं नाव काढ गं त्यातून." काढलं, तर जुन्या महिन्यांत त्यांच्या जागी 'माजी सदस्य' आलं, बेरजा जशाच्या तशा. बॅकअपमधून ३० दिवसांनी जातं असं लिहिलंय. ते आपल्याला बाहेरून तपासता येत नाही, विश्वास ठेवायचा.

सगळ्यात खटकतं ते हे की प्रायव्हसीचं पान फक्त इंग्रजीत आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलंय. मराठी आणि गुजराती दोन्ही त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत आहे, म्हणून आत्ताच नियम मोडला असं म्हणता येणार नाही. पण आमच्यातल्या निम्म्या गुजराती, उरलेल्या मराठी. ते पान वाचलेली मी एकटीच, आणि 'मान्य आहे' सगळ्यांच्या वतीने मीच दाबलंय.

पाचपैकी साडेतीन. मराठी-गुजराती पान आलं तर चार, फॉन्ट हलवले तर साडेचार.