नव्या घरासाठी हीट पंप : २०० लिटरचा घ्या, पण कॉइल बघून

पुणे-नाशिककडच्या हवेत घर बांधताना हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) घ्यायचा तो अंघोळीच्या पाण्यासाठी. चार-पाच माणसांना २०० लिटरची टाकी पुरते. एवढं पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला साध्या गिझरला ८ युनिटच्या वर वीज लागते, हीट पंपाचा सीओपी (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते, तो आकडा) ३.५ असेल तर अडीच युनिटांच्या आत काम होतं. मात्र तो सीओपी हवेच्या कोणत्या तापमानाला मोजलाय, हे दुकानदाराला विचाराच. डिसेंबरच्या पहाटे तो घसरतो, म्हणून टायमर दुपारी १२ ते ४ लावावा.

बोअरचं पाणी असेल तर टाकीला बाहेरून गुंडाळलेली कॉइलच (पाणी तापवणारी गरम नळी) घ्या. पाण्यात बुडालेल्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यात उतरत नाही आणि कॉम्प्रेसर उगाच जास्त चालतो. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) दरवर्षी काढून बघावा. तो संपला की गंज टाकीला लागतो.

खरा घोळ प्लंबिंगमध्ये होतो. बाथरूम १५ मीटर लांब असेल तर पाऊण इंची पाइपात जवळपास ४ लिटर पाणी गार पडून राहतं. प्लास्टरआधीच गरम लाइनवर इन्सुलेशन चढवून घ्या. युनिट बंद डक्टमध्ये बसवू नका, स्वतःच सोडलेली गार हवा ते पुन्हा ओढतं. आणि बॅकअप हीटर (जोडीला दिलेला साधा विजेचा हीटर) हाताने बंद करता येत नसेल, तर ते मॉडेल सरळ सोडून द्या.