पद्मिनीचा नवा एसी पंप : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 सालची, वडिलांनी घेतलेली. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टेअरिंगपाशी. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिचा मेकॅनिकल पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा पंप, बदलला. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात, मीही तेच म्हणतो. तेव्हापासून गाडी साधारण 2,600 किलोमीटर चालली. एक उन्हाळा पूर्ण निघाला, म्हणून आता लिहितो आहे.

जुना पंप गेल्याचं गाडी बंद पडून कळलं नाही. एका सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर चढलेलं आणि त्याला पेट्रोलचा वास. पंपातल्या डायफ्रामला, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या लवचीक पडद्याला, चीर गेली होती. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. डायफ्राम फाटला की पेट्रोल तिथून बाहेर ठिबकतं आणि आपल्याला सावध करतं. माझ्या पंपाचं ते भोक मळीने बुजलं होतं, त्यामुळे सगळं पेट्रोल खाली इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत राहिलं. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंगची वाट लागते. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आजच बारीक तार घेऊन ते भोक मोकळं करा. पंप बदलला की ऑइल आणि फिल्टरही लगेच बदला, तिथे काटकसर करू नका.

इलेक्ट्रिक पंप लावा, कटकट मिटेल, असं दोघातिघांनी सांगितलं. मी ऐकलं नाही. मेकॅनिकल पंप इंजिनवर चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंपाला अपघातात आपोआप बंद होण्याची वेगळी सोय करावी लागते. शिवाय त्याचा दाब जास्त असेल तर आपल्या कार्बोरेटरला तो सोसत नाही.

नवा पंप पुण्याच्या नाना पेठेतून आणला. खरा त्रास तो बसवल्यावर सुरू झाला. गाडी जागेवर उभी असताना काळा धूर, कार्बोरेटर ओला, ॲव्हरेज घसरलेलं. आधी कार्बोरेटरवरच संशय घेतला, त्यात येणारं पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्हही बदलला. शेवटी मीटर लावून दाब पाहिला तर तो चार पौंडांच्या (पीएसआय) वर जात होता. कारण निघालं पॅकिंगचं. पंप आणि इंजिन यांच्या मध्ये बेकलाइटचा जाड तुकडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग. मेकॅनिकने जुनं पॅकिंग खरवडून काढलं आणि एकच पातळ नवं लावलं होतं. त्यामुळे पंप त्याला चालवणाऱ्या कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनमधल्या फिरत्या दांड्याच्या, जवळ सरकला, डायफ्रामची चाल वाढली, स्प्रिंग जास्त दाबली जाऊ लागली आणि दाब चढला. दोन पॅकिंग वाढवली, दाब तीनच्या खाली आला, धूर गेला. पंप बदलताना जुन्या पॅकिंगची जाडी मोजून ठेवा, एवढं एक काम कुणी विसरू नये.

तो बेकलाइटचा तुकडा उष्णतेसाठीही हवाच. इंजिनची धग पंपात पोचली की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ढकलत बसतो. मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी घाट चढताना गाडी एकदा अडखळली. पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं थांबलो आणि पुढे साताऱ्यापर्यंत काही झालं नाही. पूर्वी प्रत्येक घाटात हे व्हायचं, त्या मानाने पुष्कळ बरं.

थंड इंजिन आता छान उचलतं. आठवडाभर उभी असली तर पंपाची हातदांडी पाच-सहा वेळा मारतो. कार्बोरेटर भरला की दांडी हलकी लागते, मग चोक ओढून स्टार्टर. बॅटरीला त्रास नाही.

काळजी आहे ती रबराची. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मग कडक होऊन तडकतं. पंपाच्या डब्यावर डायफ्राम कशाचा आहे हे लिहिलेलं नव्हतं आणि दुकानदारालाही सांगता आलं नाही. होज पाइप मात्र सगळे इथेनॉल सोसणारे घातले. सहाव्या महिन्यात पंपाचं वरचं झाकण उघडलं : जाळीत थोडा गंज, टाकीतून आलेला, आणि डायफ्राम मऊ. झाकणाचा स्क्रू आवळताना सांभाळा, धातू नरम आहे, आटे लगेच जातात.

जुन्या पंपाची बॉडी चांगली होती, तिच्यात नवं किट घालून डिकीत ठेवली आहे. पावसाळा संपला की झाकण पुन्हा उघडणार आहे.