सीबीटी की बालपण उकरणारी थेरपी? मी दोन्ही केल्यात

नवऱ्यानं दोनदा फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा, आता हा चिडलाय, आता हा सोडणार, आणि तो घरी आला की मीच अबोला धरायची. तो बिचारा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात मशीनवर असायचा.

आधी टिळकवाडीत सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, केली. अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेली पद्धत, जोर आत्ताच्या विचारांवर. वहीत तीन रकाने: काय झालं, मनात काय आलं, पुरावा काय. पुराव्यात 'मशीन चालू होतं' लिहिताना मलाच हसू आलं. बारा-एक सेशनमध्ये धडधड बरीच कमी झाली, खरं अबोला काही सुटेना.

दुसरी सायकोडायनॅमिक, म्हणजे ती बालपण उकरणारी, दमानं चालणारी. वही नाही, नुसतं बोलत राहायचं. चार महिन्यांनी लक्षात आलं की हा अबोला माझ्या आईचा, खानापूरच्या घरात भांडण झालं की ती ताट वाढायची खरं आठ-आठ दिवस बोलायची नाही. खर्च जास्त, आणि मधे काही आठवडे उलट जास्तच रडू येतं, हे आधी कोण सांगत नाही. ही मी व्हिडिओवर मराठीत केली, कारण पहिल्या मॅडम कन्नड-हिंदीवाल्या, आणि 'धुसफूस' हिंदीत कशी सांगायची?

पॅनिक येतंय, झोप उडालीय तर सीबीटीच आधी. तेच भांडण वर्षानुवर्षं फिरून येतंय तर दुसरी. मारहाण असेल तर दोन्ही राहू देत, आधी सुरक्षित जागी जा. आणि रात्रीअपरात्री सहन होईना तर टेलिमानस 14416, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठी-कन्नड दोन्ही चालतं.