घरबांधणीच्या करारात मी जे लिहून घेतले नाही

सेवानिवृत्तीनंतर साताऱ्याजवळच्या दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधायचे ठरवले, तेव्हा ओळखीतल्याच एका ठेकेदाराला काम दिले. फेब्रुवारी 2023 मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकावर दोन पानी करार झाला. दर चौरस फुटाला 1,900 रुपये, क्षेत्रफळ अंदाजे 1,200 चौरस फूट, म्हणजे एकूण 22,80,000 रुपये. काम सुरू करताना 20 टक्के, जोत्याला 25 टक्के, 'स्लॅबच्या वेळी' 35 टक्के आणि उरलेले घर पूर्ण झाल्यावर, असे हप्ते होते. हा करार वाचून मीच सही केली, आणि त्यातले 'अंदाजे' व 'वेळी' हे दोन शब्द मला पुढे फार महागात पडले.

सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठीचा फळ्यांचा साचा, लागल्याच्या दिवशीच ठेकेदाराने तिसरा हप्ता मागितला. सळई घ्यायची आहे, मजूर अडून बसले आहेत, असे कारण दिले आणि मी 7,98,000 रुपयांचा धनादेश दिला. सप्टेंबरमध्ये स्लॅब ओतला गेला, नोव्हेंबरपासून साइटवर माणूस दिसेना. तोपर्यंत माझ्याकडून 18,24,000 रुपये गेले होते. नंतर मी स्वतंत्र अभियंत्याकडून मोजमाप करून घेतले, तेव्हा झालेल्या कामाची किंमत त्यांनी सुमारे 11,40,000 रुपये ठरवली. वीटकाम, गिलावा, फरशी, वायरिंग, नळकाम, दरवाजे सगळे बाकी असताना ऐंशी टक्के रक्कम ठेकेदाराकडे होती. अशा वेळी परत येण्याची घाई त्याला कशाला असेल?

एवढ्यावर भागले नाही. हिशेब मागितल्यावर त्याने क्षेत्रफळ 1,430 चौरस फूट दाखवले, कारण त्याने छज्जे, ओटा आणि पाण्याच्या टाकीवरचा स्लॅबही मोजला होता. फरक 230 चौरस फुटांचा, म्हणजे 4,37,000 रुपयांचा. कशाचे माप धरायचे हे करारात कुठेच नव्हते, त्यामुळे 'आमच्याकडे असेच मोजतात' या त्याच्या वाक्याला मला लेखी उत्तर देता आले नाही. त्याच सुमारास सिमेंट आणि सळईच्या दुकानदाराने 1,86,000 रुपयांची थकबाकी माझ्याकडे मागितली. 'मालकाच्या नावावर बिल करा' असे ठेकेदाराने दुकानात सांगून ठेवले होते, आणि माल उतरल्याच्या चलनांवर मी स्वतः सह्या केल्या होत्या. शेजाऱ्यांकडून नंतर कळले की संध्याकाळी त्यातल्या काही गोण्या त्याच्या दुसऱ्या कामावर जात असत. करार साहित्यासह असताना मालाचे बिल माझ्या नावावर का, हा साधा प्रश्न चाळीस वर्षे हिशेब शिकवणाऱ्या मला पडला नाही, हे आजही बोचते.

आधी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे सांगण्यात आले. तेव्हा राग आला, पण वकिलांनी समजावल्यावर त्यातला कायदा कळला: फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी वचन देतानाच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि केवळ करार मोडणे तेवढ्याने गुन्हा होत नाही. मग महारेराकडे, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, जावे असे वाटले. तीही माझी चूक होती. रेरा कायदा सदनिका किंवा भूखंड विकणाऱ्या प्रवर्तकासाठी, म्हणजे बिल्डरसाठी, आहे. बांधकामातील दोषांसाठी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची जबाबदारी त्याच्यावर आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदार नेमून घर बांधणाऱ्याला तिचा आधार मिळत नाही. अशी जबाबदारी हवी असेल तर करारात लिहूनच घ्यावी लागते.

खरा रस्ता ग्राहक आयोगाचा निघाला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश आहे. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते, आणि 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात शुल्क फक्त 400 रुपये आहे. मात्र मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ठेकेदाराच्या 'पुढच्या आठवड्यात माणसे पाठवतो' या आश्वासनांमध्ये ती कधी सरते हे कळत नाही.

विलंबाबाबतही मी स्वतःचे नुकसान करून घेतले. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार मुदतीचे महत्त्व ठरलेले असताना उशिराचे काम स्वीकारले, तर नुकसानभरपाई मागणार असल्याची सूचना त्याच वेळी द्यावी लागते. मी मात्र प्रत्येक वेळी फोनवर 'बरं, बघा' एवढेच म्हणत राहिलो. करारात दर आठवड्याला दंडाची रक्कम लिहिली म्हणजे ती आपोआप पूर्ण मिळते, असाही माझा समज होता. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा असते, आणि वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

तक्रार दाखल आहे आणि सुनावण्या चालू आहेत. दरम्यान उरलेले काम दुसऱ्या मिस्त्रींना दिले. या वेळी करार चार पानांचा झाला: मोजमाप कशाचे, प्रत्येक हप्ता कोणते काम अभियंत्याने तपासल्यानंतर द्यायचा, मालाचे बिल कोणाच्या नावावर, आणि दोष दुरुस्तीसाठी दहा टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवण्याची अट. मिस्त्रींनी सगळा करार मोठ्याने वाचायला लावला, मग म्हणाले, "सर, दहा टक्के अडकले तर मजुरांना काय देऊ? पाच करा." ते मला पटले. पाच लिहिले, दोघांनी खोडलेल्या जागी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी वीटकाम सुरू झाले.