‘फुल टँग’ म्हणून विकलेला चाकू मुठीपाशी तुटला: फसवणूक कुठे होते आणि ती कशी पकडायची

जाहिरातीत लिहिलं होतं: डी-2 (हत्यारांसाठी वापरतात ती जात) पोलाद, कडकपणा 60 एचआरसी (रॉकवेल मापाने), पातं 12 सेंटिमीटर, जाडी 4 मिलिमीटर, फुल टँग. किंमत 3,400 रुपये, सोबत चामड्याचं म्यान. वखारीतून आणलेलं बाभळीचं मनगटाएवढं वाळलेलं लाकूड, पात्याच्या पाठीवर दांडक्याने टोले देत फोडताना, चौदाव्या टोल्याला पातं मुठीच्या तोंडाशी तुटून खाली पडलं. विक्रेत्याचं उत्तर दोन ओळींचं: “चाकू कापायला असतो, ठोकायला नाही. वापरलेला माल परत घेत नाही.” याच विक्रेत्याच्या जाहिरातीत चाकूवर हातोडा मारतानाचा व्हिडिओ आहे.

तुटलेला भाग नीट पाहिला की फसवणूक कशी केली ते समजतं. फुल टँग म्हणजे पातं आणि मुठीतली पट्टी एकाच अखंड पोलादाची, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली. या चाकूच्या मुठीच्या वर आणि खाली चकचकीत धातूची रेघ दिसत होती, म्हणून कुणालाही तो फुल टँग वाटावा. मुठीच्या तोंडावरचं पितळी कडं कापून काढल्यावर आत निघालं ते असं: पात्याचं शेपूट जेमतेम 3 सेंटिमीटर, आणि त्याला साध्या लोखंडाची 2 मिलिमीटर जाडीची वेगळी पट्टी वेल्डिंगच्या दोन टिपक्यांनी चिकटवलेली. पितळी कडं शोभेचं नव्हतं, सांधा झाकायला होतं. एका टिपक्याच्या तुटक्या तोंडावर जुना, तपकिरी गंज होता आणि दुसरा ताजा, चमकदार होता. म्हणजे एक टिपका पार्सल येण्याआधीच सुटलेला होता. सगळा भार उरलेल्या टिपक्यावर होता.

हे नुसतं पैशांचं नुकसान नाही. लाकूड फोडताना एक हात मुठीवर असतो आणि दुसऱ्या हातातल्या दांडक्याचा टोला पात्याच्या टोकाकडे बसतो. सांधा सुटला की मोकळं झालेलं धारदार पातं कुठे जाईल याचा नेम नसतो. हरिश्चंद्रगडावर किंवा रतनगडावर मनगट कापलं गेलं तर खाली गावात पोचायलाच काही तास जातात.

आता त्या व्हिडिओबद्दल, कारण लोक फसतात ते तिथेच. व्हिडिओत चाकूने खिळा तोडतात, मग व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवतात, आणि पुढच्या दृश्यात हातावरचे केस भादरतात. पाहणाऱ्याला वाटतं, केवढा चिवट चाकू! पण खिळा नरम लोखंडाचा असतो, तो मध्यम दर्जाचं पातंही तोडतं. वाकणं तर नरम पोलादाला सहज जमतं. पाणी न दिलेली (तापवून एकदम थंड करून कडक न केलेली) लोखंडी पट्टीही काटकोनात वाकते आणि तुटत नाही, पण ती बटाटासुद्धा धड कापणार नाही. न तुटणं म्हणजे चिवटपणा, हा गैरसमज विक्रेते विकतात. धार टिकवण्याएवढं कडक असूनही जे तुटत नाही, ते पातं चिवट. दोन्ही गोष्टी एकाच चाकूवर, मध्ये कॅमेरा न थांबवता दिसल्या पाहिजेत.

खरी परीक्षा कशी असते याचा नमुना अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीकडे आहे. तिथे जर्नीमन स्मिथ हा दर्जा मिळवण्यासाठी कारागिराला आपल्या एकाच चाकूने आधी टांगलेला एक इंची दोर एका घावात कापावा लागतो. मग टू-बाय-फोर (साधारण दोन बाय चार इंची) लाकूड दोनदा तोडायचं, न परजता त्याच धारेने केस भादरायचे, आणि सगळ्यात शेवटी तोच चाकू 90 अंश वाकवायचा. वाकवताना धारेला चीर गेली तरी चालते, पण ती पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशापलीकडे जाता कामा नये. महत्त्व आहे ते या क्रमाला. आधी धार सिद्ध होते, मग वाकणं.

आणि ही गोष्ट तर जाहिरात वाचतानाच कळायला हवी होती: 60 एचआरसीचं, 4 मिलिमीटर जाडीचं डी-2 काटकोनात वाकत नाही, त्याच्या खूप आधी तुटतं. डी-2 मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि 12 टक्के क्रोमियम असतं. त्यातून तयार होणाऱ्या जाड कार्बाइडमुळे, म्हणजे कार्बन-क्रोमियमच्या अतिकडक कणांमुळे, धार फार दिवस टिकते, पण चिवटपणा बेताचाच राहतो. म्हणजे व्हिडिओतला चाकू आणि जाहिरातीतलं पोलाद, दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. पोलादाचं नाव आणि व्हिडिओ एकमेकांना छेद देत असतील तर तिथेच थांबा.

पार्सल आल्यावर तपासणीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. खूण न उमटणाऱ्या तपासण्या परताव्याची मुदत संपायच्या आत करा, लाकडावरची चाचणी त्यानंतर. आमच्याकडून हाच क्रम चुकला आणि ‘वापरलेला माल’ म्हणायला विक्रेत्याला जागा मिळाली. पार्सल फोडण्यापासून वजनकाट्यापर्यंत सलग एक व्हिडिओ काढा, पत्त्याचं लेबल त्यात दिसू द्या.

पहिलं काम वजन. पोलादाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन 7.85 ग्रॅम असतं. मूठ साडेअकरा सेंटिमीटर लांब, अडीच रुंद, पट्टी 4 मिलिमीटर जाड, म्हणजे 11.5 घन सेंटिमीटर. मुठीतलंच पोलाद 90 ग्रॅम. तासलेलं पातं साधारण 80 ग्रॅम, वर पितळ आणि लाकडी गाले मिळून 50. हा चाकू 220 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता, काट्यावर भरला 171. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. काही प्रामाणिक कारागीर वजन कमी करायला मुठीतल्या पट्टीला भोकं पाडतात, पण ते तसं सांगतात.

दुसरं, व्हर्नियर. पात्याची पाठ आणि मुठीच्या कडेला दिसणारी पट्टी, दोन्हींची जाडी मोजा. काही चाकूंत पट्टी मागे निमुळती केलेली असते, पण ती हळूहळू उतरते. कड्याच्या अलीकडे 4 आणि लगेच पलीकडे 2 मिलिमीटर असेल, तर मध्ये जोड आहे असंच धरा.

तिसरं, बोटावर तोल. एवढ्या लांबीचा फुल टँग चाकू साधारण तर्जनी बसते तिथे, मुठीच्या तोंडाशी तोलतो. पुढे पात्यावर तोलत असेल तर मूठ आतून पोकळ किंवा हलकी असण्याची शक्यता मोठी.

पात्यावर ‘डी-2’ कोरलेलं असणं हा पुरावा नव्हे. लेझरने काहीही कोरता येतं. डी-2 पूर्ण स्टेनलेस नसतं, कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकून जातं. व्हिनेगर लावून ठेवलं की ते काळवंडतं. आमच्या पात्यावर रात्रभर ठेवूनही डाग उमटला नाही, मुठीतली लोखंडी पट्टी मात्र सकाळी लालभडक गंजली होती. हे पातं 3सीआर13 जातीच्या स्वस्त स्टेनलेसचं असावं. त्यात कार्बन 0.3 टक्क्यांच्या आसपास असतो. डाग उमटलाच तर तो राहतो, म्हणून हा प्रयोग चाकू ठेवायचा ठरल्यावरच करा.

धारेची चाचणी पितळी सळईवर होते. 6 मिलिमीटरची सळई व्हाइसमध्ये आडवी धरा. धार तिच्यावर 15 ते 20 अंशांत टेकवा आणि दिव्याच्या उजेडात धारेकडे बघत हलका दाब द्या. सळईच्या जागी धार किंचित वाकलेली दिसेल. चाकू पुढे सरकवला की ती सरळ झाली पाहिजे. वाकलेलीच राहिली तर पोलाद नरम आहे. बारीक कपची उडाली तर ते ठिसूळ आहे, म्हणजे पाणी दिल्यावर पुन्हा मंद तापवून कडकपणा उतरवायचं काम नीट झालेलं नाही. आमची धार दाताळ्यासारखी वाकून तशीच राहिली.

मग लाकूड. डोळ्यांवर गॉगल, आसपास कुणी नको. 12 सेंटिमीटरच्या पात्याला 7–8 सेंटिमीटर जाडीचं, गाठ नसलेलं लाकूड घ्या. टोक बाहेर किमान 3 सेंटिमीटर राहिलं पाहिजे, टोले तिथेच बसतात. दांडकं लाकडी हवं, हातोडा कधीच नको. दर पाच टोल्यांनी थांबून मूठ कानाशी धरून हलवा आणि कड्यापाशी नख फिरवा. फट रुंदावलेली लागली किंवा खुळखुळ ऐकू आली तर तिथेच थांबा. वीस टोल्यांनंतर वर्तमानपत्राचा कागद सरळ कापता आला पाहिजे. पातं अखंड पोलादातून तुटलंच तर तुटकं तोंड पाहा: राखाडी, मखमली दिसलं तर पोलादाचा कण बारीक आहे, साखरेसारखे दाणे चमकले तर भट्टीत जास्त तापलं होतं.

‘दमास्कस’ (पोलादाच्या थरांमुळे नक्षी दिसणारे) नावाने विकल्या जाणाऱ्या चाकूंतही हीच लबाडी चालते, फक्त तिथे नक्षी छापलेली असते. पाठीवरून नक्षी सलग जाते का ते बघा. शंका असेल तर कोपऱ्यात 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून फेरिक क्लोराइडचा थेंब लावा (पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं). खरी नक्षी परत उमटते, छापलेली येत नाही. हातमोजे घाला, कपड्यांवर पडलं तर डाग जात नाही.

मागवण्याआधी लांबी-रुंदीही बघा. शस्त्र नियम 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वेगळी.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पैसे भरले आणि विक्रेता गायबच झाला तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. तक्रारीत ‘चाकू तुटला’ एवढंच लिहू नका, त्यावर ‘गैरवापर’ हे उत्तर तयार असतं. ‘फुल टँग असं लिहून जोडलेली पट्टी विकली’ असं लिहा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसह जोडा आणि सांध्याचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. तुटलेले दोन्ही तुकडे तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. तो जुना गंज आणि ती ताजी चमक शेजारी शेजारी दिसते आहे, तोवरच तो पुरावा आहे.