रोमनमधून मराठी की इन्स्क्रिप्ट? माझ्यापुरता निकाल एका 'ऱ'ने लावला

गेल्या महिन्यात धारूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप घेतलाय. नेटवर लिहायला सुरू करायलोय. पण मराठी कशात टाइप करू? पोरं म्हणायलीत, इंग्रजीतूनच कर." त्याला सांगायला लागलो आणि मधेच इकडची लाईट गेली, मागोमाग रेंज गेली, बोलणं अर्धवट राहिलं. त्याच्यासारखे आणखीही असतील म्हणून ते इथे पुरं करतो.

साइट कुठली, अक्षरवळण कुठलं, फोटो किती लहान करून टाकायचे, हे सगळं नंतर बदलता येतं. बोटांना लागलेली सवय मात्र सहजी सुटत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा काय ठरवावं असं कुणी विचारलं, तर मी कळफलक म्हणेन. दोन्ही पद्धती मी मनापासून वापरल्या आहेत. चार वर्षं रोमनमधून, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिलं, आता सहा वर्षं इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे थेट मराठी अक्षरांच्या कळफलकावर लिहितोय. कळफलक कसा जोडायचा ते इथे सांगत नाही, ते तुम्हाला येतंच.

रोमनचा गुण मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आज बसलात तर आजच लिहून होतं. इंग्रजी कळांवर 'एम-ए-झेड-ए' दाबलं की 'माझा' हजर. शिकायचं काही नाही. 2019 च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आतच मिळतो, म्हणजे बाहेरून काही उतरवून घ्यायचीही गरज उरली नाही. ज्याला महिन्यातून एखादं पान लिहायचं आहे, किंवा ज्याचं अर्धं लिहिणं इंग्रजीत आहे, त्यानं रोमनच वापरावं, असं मी प्रामाणिकपणे सांगतो.

पण रोमनमध्येही दोन जाती आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक नियमाची. त्यात मोठा टी दाबला की 'ट', छोटा दाबला की 'त'. नियम पाठ असले तर तुम्ही मागाल तेच अक्षर मिळतं. दुसरी अंदाजाची. तिथे तुम्ही 'के-ए-एल' दाबता आणि ती काल, कळ, कल अशी यादी पुढे करते, तुम्ही निवडायचं. हल्ली बहुतेक जण जिला 'मराठी टायपिंग' म्हणतात ती ही अंदाजाची जात. शहरी, छापील, रोजच्या वापरातल्या मराठीसाठी तिचा अंदाज चांगला चालतो.

इन्स्क्रिप्ट हा सरकारी कळफलक. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो आखला आणि 1991 साली तो भारतीय मानक म्हणून नक्की झाला. सरकारी म्हटलं की आपण जरा मागे सरतो, पण या आखणीत डोकं फार चांगलं चाललंय. डाव्या हाताखाली स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. 'क'च्या कळेला शिफ्ट लावली की 'ख'. ग-घ, त-थ, प-फ या जोड्याही तशाच. मात्रेची कळ साधी दाबली तर 'ी', शिफ्टसकट दाबली तर 'ई'. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी ओरडून बाराखडी म्हटलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, ते आपोआप बसतं. शिवाय बहुतेक भारतीय लिप्यांना हीच मांडणी आहे. देगलूरचा माझा एक मित्र घरी तेलुगू बोलतो. मराठीसाठी शिकलेली बोटं त्यानं तेलुगूला जशीच्या तशी वापरली, कारण 'क'ची कळ तिथेही तीच.

आता मुद्द्यावर येतो. मी आमच्या भागातले शेतीचे शब्द लिहून ठेवतो. तात्या (माझे चुलते) आणि आई बोलतात तेव्हा जे शब्द सहज येतात आणि माझ्या मुलांना कळत नाहीत, ते. तिफण, मोघडा, वखर, कोळपं, चाड्यावरची मूठ. एका हिवाळ्यात कापसावरचं टिपण लिहीत होतो. वाक्य साधं होतं: पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून बांधावर रचली. रोमनमधून शब्द दाबला. यादीत पहिलं आलं 'पराठी', दुसरं 'पर्हाटी'. मला हवा होता तो शब्द यादीत नव्हताच. रात्र झाली होती. दोन-तीन ठिकाणी 'पर्हाटी' निवडलं, एका ठिकाणी घाईत स्पेस दाबली आणि पहिलाच शब्द बसला.

दुसऱ्या दिवशी ते मोबाईलवर तात्यांना दाखवलं. तात्या चष्मा वर-खाली करत वाचत होते. एका ओळीवर थांबले. "ह्ये पराठी काय म्हनायचं? अन् ह्यो शबूद असा तोंडात अडकायलाय का?" आईनं विचारलं, काय लिहिलंय. तात्यांनी 'पर्-हाटी' असं तोडून म्हणून दाखवलं. आई म्हणाली, "असं कुनी म्हनत न्हाई."

बरोबरच होतं तिचं. आपल्या भाषेत ऱ आणि रफार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कानाला ऐकू येतो. 'र्य' म्हणताना आधीच्या अक्षरावर जोर पडतो, 'ऱ्य' म्हणताना पडत नाही. आचार्यांना जेवायला बोलावणं निराळं आणि आचाऱ्यांना जेवण रांधायला बोलावणं निराळं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे आमच्या बालाघाटात पावसाळ्यात हिरव्या होतात त्या. शेतीवर लिहायचं म्हटलं की हा 'ऱ' तर पावलोपावली लागतो. शेतकऱ्यांना, चाऱ्याला, वाऱ्यावर, गोऱ्हा, कोऱ्या जमिनीत, सोयऱ्याधायऱ्यांत, दुसऱ्या पेऱ्याला. एका पानात पंधरा-वीस वेळा. आणि दर वेळी मी यादीत डोळे घालून बसायचो, तोवर पुढचं वाक्य डोक्यातून निसटून जायचं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. बाकीच्या चुका नजरेनं पकडता येतात. पण जो शब्द यंत्राला माहीत नाही त्याच्या जागी ते ओळखीचा शब्द ठेवतं, आणि दमलेला माणूस तो तसाच राहू देतो. जे शब्द जपायला मी लिहायला बसलो होतो, तेच लिहिताना मोडत होते. 'करायलाव', 'कामून', 'येऊ लालाय' असलं बोलणं लिहितानाही हाच अनुभव. नियमाच्या जातीचं रोमन वापरून पाहिलं. तिथे ऱ मिळतो, पण त्यासाठीची जोडणी पाठ ठेवावी लागते. पाठच करायचं असेल तर मूळ अक्षरंच का करू नयेत, असं वाटलं आणि इन्स्क्रिप्टकडे वळलो.

इन्स्क्रिप्टमध्ये 'र' जे या कळेवर आहे आणि शिफ्टसकट जे दाबलं की 'ऱ'. बस्, एवढंच. 'पऱ्हाटी' असं लिहिलं जातं: एचवर 'प', शिफ्ट-जेवर 'ऱ', डीवर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), यूवर 'ह', ईवर काना, एकेरी अवतरणाच्या कळेवर 'ट', आरवर दुसरी वेलांटी. सात वेळा बोट खाली जातं, सात खुणा उमटतात. मधे यादी नाही, अंदाज नाही. पहिल्यांदा तो शब्द सरळ उमटला तेव्हा मी तो उगीचच चार वेळा लिहिला.

यात आणखी एक भानगड आहे, जी मला फार उशिरा कळली. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या सर्वमान्य पद्धतीनं साठवतो तिच्यात, हा अर्धा ऱ दोन मार्गांनी लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. वेगवेगळी साधनं वापरून लिहिलेल्या माझ्या फायलींत मी 'शेतकऱ्या' असं शोधलं तर अर्ध्याच नोंदी सापडायच्या. बाकीच्या कुठे गेल्या म्हणून एक अख्खा रविवार घालवला. तुमचं लिहिणं कुणी शोधून वाचावं अशी इच्छा असेल, तर शब्द कायम एकाच मार्गानं लिहिलेला बरा, असं मला वाटतं. इन्स्क्रिप्टवर लिहिणाऱ्याच्या हातून शिफ्ट-जेमुळे पहिलाच मार्ग घडतो.

इन्स्क्रिप्टची गाऱ्हाणीही आहेत. पहिले पंधरा दिवस जीव मेटाकुटीला येतो. मी कळांवर चिटकवायच्या पट्ट्या आणल्या होत्या, आठ दिवसांनी काढून टाकल्या, कारण त्या असेपर्यंत नजर खालीच राहते. विंडोजवरच्या माझ्या कळफलकावर प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्हं सापडत नाहीत, त्यांच्या कळांवर अक्षरं बसली आहेत. मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीत जायचं, चिन्ह घालायचं, परत यायचं. संवाद लिहिताना याचा कंटाळा येतो. मी आधी चिन्हांशिवाय लिहून काढतो आणि शेवटी एका फेरीत सगळी घालतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलात तर तिथे मराठी चालू केलेली नसते, हाही ताप आहेच.

वेग मोजून पाहिलेला नाही. एवढंच सांगतो की पूर्वी दोन पानांना रात्रीचं जेवण ते झोप एवढा वेळ लागायचा, आता तेवढ्यात लिहूनही होतं आणि एकदा वाचूनही.

मोबाईलचं गणित निराळं आहे. अंगठ्यानं लिहिताना इन्स्क्रिप्टच्या दोन हातांच्या वाटणीचा उपयोग राहत नाही. तिथे मी सरळ मराठी अक्षरांचा फलक घेतो, किंवा बोलून लिहितो. आवाजावरून मराठी लिहिण्याची सोय 2017 पासून फोनवर आहे आणि कच्च्या मसुद्याला ती उपयोगी पडते. तात्यांच्या गोष्टी मी आधी रेकॉर्ड करतो, मग ऐकत ऐकत स्वतःच्या तोंडून पुन्हा बोलतो आणि रात्री लॅपटॉपवर दुरुस्त करतो. तात्यांच्या तोंडून थेट लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता. त्यांचं 'व्हय' आणि 'न्हाई' त्यात टिकलं नाही.

ज्यांनी क्लास लावून मराठी 30 ची (मिनिटाला 30 शब्दांची) टायपिंगची परीक्षा दिली आहे, त्यांच्या बोटांत टाइपरायटरची मांडणी पक्की बसलेली असते. त्यांनी ती मोडू नये. तीच मांडणी युनिकोडमध्येही मिळते. फक्त एक जपावं. तालुक्याच्या गावात छपाईची कामं अजून जुन्या फॉण्टांत चालतात, आणि तिथला मजकूर उचलून नेटवर टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. मी एका स्मरणिकेतला लेख तसा फिरवून घेतला, तेव्हा रफार एक घर सरकले होते आणि ऱ तर बहुतेक ठिकाणी गेलाच होता. म्हणून रूपांतर केलंत तरी मूळ कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा.

भाच्याला मी शेवटी असं सांगितलं. एक महिना दे. रोज अर्धा तास, आणि धडे गिरवत बसू नको, आजीला फोन लाव आणि ती बोलेल ते चार ओळी लिही. महिन्यानं नाहीच जमलं तर रोमन कुठे पळून चाललंय? ज्यांचं आधीचं लिहिणं रोमनमधलं आहे, त्यांच्यासाठी एक उपाय इथे देतो. जुन्या फायलीतला न दिसणाऱ्या जोडकाचा अर्धा ऱ कॉपी करून 'शोधा'च्या चौकटीत टाकायचा, शिफ्ट-जे आणि डी दाबून आलेला ऱ् 'बदला'च्या चौकटीत टाकायचा आणि सगळे एकदम बदलायचे. रफारवाले 'शेतकर्यां', 'पर्हाटी' मात्र एकेक करून हातानंच सुधारावे लागतात, नाहीतर खऱ्या आचार्यांचेही आचारी होतील.

परवा त्याचा मेसेज आला. चारच शब्द होते, 'मामा, गोऱ्हा नीट आला.'